वर्गणी किरकोळ, ब्रिस्केट महाग

"दाजी, ती केसीबीएस का काय, तिचा मेंबर होऊ का?" मेहुण्याचा फोन होता. केसीबीएस म्हणजे कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी, बार्बेक्यूच्या स्पर्धांना मान्यता देणारी अमेरिकन संघटना. तीन आठवड्यांपूर्वी त्याने अंगणात पिंपाएवढा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, आणून ठेवला होता. दोनदा कोंबडी आणि एकदा रिब्स (बरगड्या) करून झाल्या होत्या, आणि शेजारचे अमेरिकन आजोबा बोटं चाटत "तू स्पर्धेतच उतर" असं म्हणून गेले होते. एवढ्यावर गडी वर्गणी भरायला निघाला. मी म्हटलं, थांब. का थांब, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. कॅन्सस सिटीच्या आसपास राहणाऱ्या, धुराचं वेड लागलेल्या आणखी काही मराठी घरांतही हा प्रश्न घोळत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईत बार्बेक्यू म्हटलं की सळईवरचे टिक्के, खाली लालबुंद निखारे आणि वीस मिनिटांत ताट समोर. अमेरिकेत त्याला ग्रिलिंग म्हणतात. इथल्या बार्बेक्यूत आच एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, वर झाकण, आत हिकरीच्या किंवा ओकच्या लाकडाचा धूर. तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस आणि हिशेब तासांचा. ब्रिस्केट म्हणजे गोमांसातला छातीकडचा तुकडा. जनावराचा भार वाहून हा स्नायू चिवट झालेला असतो, आणि त्यातलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन व्हायला दहा-बारा तास सहज लागतात. मध्येच ७० अंशांच्या आसपास थर्मामीटरचा काटा अडतो तो हलायलाच तयार नसतो. माठावरचं पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार राहतं ना, तसंच इथे होतं: पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला गरम होऊ देत नाही. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो आणि तो झाकण उघडून बघतो. आपल्याकडे यातलं सगळ्यात जवळचं काय असेल तर रायगडची पोपटी. मडकं बंद, भांबुर्ड्याचा पाला, आणि मध्येच उघडून बघायची सोय नाही.

कॅन्सस सिटीत हा धंदा रुजवला हेन्री पेरी या कृष्णवर्णीय आचाऱ्याने, १९०८ च्या सुमारास, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून धुरावरचं मांस विकत. आर्थर ब्रायंट्स आणि गेट्स ही शहरातली दोन जुनी बार्बेक्यू रेस्टॉरंटं थेट त्याच्या हाताखालच्या माणसांपर्यंत जाऊन पोचतात. स्पर्धा फार पुढच्या. शहरातल्या अमेरिकन रॉयल या पशुप्रदर्शनाची बार्बेक्यू स्पर्धा १९८० साली सुरू झाली, आणि १९८५ मध्ये कॅरोलिन वेल्स, त्यांचे पती गॅरी आणि मित्र रिक वेल्च या तिघांनी गंमत म्हणून 'कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी' काढली. सुरुवातीला सभासद होण्याची अट एकच होती: यातलं काहीही गांभीर्याने घ्यायचं नाही. ती अट आज लावली तर शुक्रवारी संध्याकाळी स्पर्धेच्या पार्किंगमधला निम्मा जमाव बाद होईल. आता ही सोसायटी वर्षाला शेकडो स्पर्धांना मान्यता देते, अमेरिकेबाहेरसुद्धा.

'मान्यता देते' म्हणजे नेमकं काय, ते समजलं की सभासदत्वाचा अर्धा प्रश्न सुटतो. जिल्ह्याची कबड्डी स्पर्धा कोण भरवतं? गावातलं एखादं मंडळ. मैदान, मंडप, जेवणावळ, ढाल, सगळं त्यांचं. नियम, पंच आणि निकालाची नोंद मात्र असोसिएशनची. इथेही तसंच आहे. स्पर्धा भरवणारं असतं गावचं अग्निशमन दल, रोटरी क्लब नाहीतर व्यापारी मंडळ. प्रवेश फी त्यांच्याकडे जाते आणि बक्षीसही तेच देतात. सोसायटीचे प्रतिनिधी येतात ते नियम सांगायला, मांस तपासायला आणि गुणांचा हिशेब करायला. सभासदत्वाची वर्गणी ही तिसरीच गोष्ट, ती थेट सोसायटीला.

त्यामुळे लोकांचा जो पहिला समज असतो, की सभासद नसेल तर स्पर्धेत उतरताच येत नाही, तो सहसा खरा नसतो. प्रवेश फी भरली, नियम पाळले, की झालं. सभासदत्व लागतं ते वर्षभराच्या गुणांच्या शर्यतीसाठी. 'टीम ऑफ द इयर'च्या यादीत नाव यायचं तर मुख्य आचाऱ्याचं सभासदत्व चालू असावं लागतं. नियमावली दर वर्षी थोडीफार बदलते, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची प्रत वाचावी. पण वर्षाला दोन स्पर्धा करणाऱ्याला त्या यादीचा उपयोग किती? गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्याने रणजीची सरासरी मोजत बसावं, तेवढाच. अमेरिकन रॉयलची निमंत्रितांची फेरी किंवा टेनेसीतल्या लिंचबर्गला ऑक्टोबरात होणारी जॅक डॅनियल्स या व्हिस्कीवाल्यांची स्पर्धा, अशा ठिकाणी पोचायला आधी कुठेतरी मान्यताप्राप्त स्पर्धा जिंकावी लागते. तिथे खिशातल्या कार्डापेक्षा जजसमोर जाणाऱ्या तुमच्या मांसाच्या डब्याला किती गुण पडले ते महत्त्वाचं.

आता डबा. इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथे आहे.

स्पर्धेत चार प्रकार असतात: चिकन, पोर्क रिब्स, पोर्क म्हणजे डुकराच्या खांद्याचा भाग, आणि बीफ ब्रिस्केट. आच लाकडाची, लाकडी गोळ्यांची किंवा कोळशाची. गॅस फार तर पेटवण्यापुरता, शिजवायला नाही. सोसायटीच्या प्रतिनिधीने तपासल्याशिवाय मांसाला मसाला लावायचा नाही. शनिवारी साधारण बारा वाजता चिकन, साडेबाराला रिब्स, एकला पोर्क, दीडला ब्रिस्केट, पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे. नऊ इंची चौकोनी थर्माकोलचा डबा असतो. त्यात हिरव्या लेट्यूसची किंवा पार्सलीची गादी करता येते, कोथिंबीरही चालते (हे वाचून माझा ऊर भरून आला होता), लाल कडांचं लेट्यूस मात्र चालत नाही. डब्यात किमान सहा तुकडे हवेत, कारण टेबलावर सहा जज. टीमचा नंबर झाकून डब्यावर दुसराच नंबर येतो, म्हणजे कुणाचं मांस आपण खातोय हे जजला कळत नाही.

प्रत्येक जज दिसणं, चव आणि मऊपणा यांना वेगवेगळे गुण देतो. ९ म्हणजे उत्कृष्ट, २ म्हणजे खाण्यालायक नाही, आणि १ म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा. मग त्या गुणांना भार लावतात: दिसण्याला ०.५६००, चवीला २.२९७२, मऊपणाला १.१४२८. तिन्ही भारांची बेरीज बरोबर ४, म्हणून एका जजकडून जास्तीत जास्त ३६. सहापैकी सगळ्यात कमी देणाऱ्या जजचे गुण गळतात, उरलेल्या पाचांचे १८०. चार प्रकार मिळून ७२०. ज्यांची बेरीज ७०० च्या वर जाते ते पुढचे सहा महिने ते सांगत फिरतात.

आता हे आकडे स्वयंपाकघरात आणून बघा. दिसण्यात एक गुण गेला तर नुकसान अर्ध्या गुणाचं, चवीत एक गेला तर सव्वादोनचं. म्हणजे पार्सलीची कातरकाम केल्यासारखी सजावट करत रात्र जागवणारे (मी स्पर्धेत उतरलो तेव्हा पहिल्या वर्षी हेच केलं) चुकीच्या ठिकाणी घाम गाळत असतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जज खातो एक घास, फार तर दोन. त्याच्यासमोर त्या दिवशी चार प्रकारांतले मिळून चोवीस नमुने येतात. अशा माणसाला लक्षात राहायचं तर त्या एका घासात गोड, खारट, आंबट, तिखट, धूर सगळं ठासून भरावं लागतं. घरी असं ताट वाढलं तर चौथ्या घासाला पाणी मागाल. आणि मऊपणाबद्दल तर घरचा आणि स्पर्धेचा निकाल सरळ उलटा लागतो. रिब्सचं मांस हाडावरून आपोआप गळून पडलं की घरचे वाहवा करतात. स्पर्धेत ते जास्त शिजलं म्हणून गुण जातात. जजला हवं असतं असं मांस, की जिथे चावलं तेवढंच निघावं, दातांची कमान स्वच्छ उमटावी आणि बाकीचं हाडाला धरून राहावं. ब्रिस्केटची चकती दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली की तुटावी, पण नुसती उचलताना तुटू नये. चिकनची कातडी एका चाव्यात कापली जावी म्हणून लोक मांड्यांवरची कातडी सोलून, आतून चरबी खरवडून, पुन्हा चादरीसारखी पांघरतात. सोळा-अठरा मांड्यांवर हा उद्योग करायचा, आणि डब्यात जाणार सहा.

मेहुण्याला मी हेच विचारलं, की तुला बार्बेक्यू आवडतो की हे आवडेल? दोन्ही एकच आहे असं समजून वर्गणी भरू नकोस.

पैशाचं बोलू. सोसायटीची वर्षाची वर्गणी एका चांगल्या वाग्यू (चरबीदार जपानी जातीच्या) ब्रिस्केटपेक्षा कमी पडते, त्यामुळे वर्गणी परवडते का हा प्रश्नच चुकीचा आहे. मी आणि ऑफिसातला एक जोडीदार दोन हंगाम उतरलो. प्रवेश फी बहुतेक ठिकाणी तीनशे डॉलरच्या आगेमागे. ब्रिस्केट दोन घ्यावी लागतात, कारण एक दगा देते. खांदे दोन, रिब्सच्या तीन-चार पट्ट्या, चिकनचा तो ढीग. कोळसा, लाकूड, बर्फ, सॉस, ट्रकचं इंधन, शुक्रवारची रजा. आठशे डॉलरच्या आत आमचा एकही शनिवार गेला नाही. दोन हंगामांत आम्ही कमावलं काय, तर चिकनमध्ये एकदा नववा क्रमांक. त्याचा चेकही चार महिने आला नाही, कारण भरवणाऱ्यांच्या खजिनदाराने मध्येच गाव सोडलं होतं. त्या काळात माझं सभासदत्व अगदी चालू होतं, त्याने चेक एक दिवसही लवकर आला नाही.

याच्या उलट उदाहरणं आहेत, नाही असं नाही. जेफ स्टेनी यांची 'स्लॉटरहाउस फाइव्ह' ही टीम १९९३ मध्ये अमेरिकन रॉयल जिंकली आणि १९९६ मध्ये त्यांनी शहराच्या कॅन्सस राज्यातल्या बाजूला एका पेट्रोल पंपात रेस्टॉरंट काढलं. तेच आजचं 'जोज कॅन्सस सिटी', जिथे दुपारी रांग दाराबाहेर जाते. ज्याला सॉस विकायचा आहे, ट्रक काढायचा आहे, त्याच्यासाठी स्पर्धेतली ढाल म्हणजे दुकानाची पाटी असते. त्याने वर्गणी भरावी, वर्षभर गुण मोजावे, सगळं करावं. तो छंद नाही, भांडवल आहे.

माझ्या मते सभासदत्व खऱ्या अर्थाने वसूल होतं ते दुसऱ्याच दाराने. जजच्या.

सोसायटी सर्टिफाइड जज होण्यासाठी एका दिवसाचा वर्ग घेते. त्याची फी वेगळी. काही तास नियम, मग चारही प्रकारांचे नमुने समोर ठेवून गुण द्यायचा सराव. मुद्दाम चुका केलेले डबेही येतात: खाली सॉसचं तळं, तुकडे पाच, असलं काहीतरी. ओळखता आलं पाहिजे. शेवटी उजवा हात वर करून शपथ. आर्डी डेव्हिस या कॅन्सस सिटीच्या गृहस्थांनी लिहिलेली ही शपथ सत्य, न्याय, बार्बेक्यूची उत्कृष्टता आणि अमेरिकन जीवनपद्धती टिकवण्याची आहे. मी तेव्हा एच-वन व्हिसावर होतो. अमेरिकन जीवनपद्धतीचं रक्षण माझ्याकडे सोपवणारी ती पहिलीच संस्था.

सर्टिफाइड जज म्हणून नाव चालू ठेवायचं तर सभासदत्व चालू ठेवावं लागतं, म्हणजे इथे वर्गणीला थेट काम आहे. पैसे मिळत नाहीत, पेट्रोल आपलं, सकाळी वेळेवर पोचायचं, परीक्षण चालू असताना बोलायचं नाही, फोन नाही, शेजाऱ्याकडे बघून भुवई उडवायची नाही. चव पुसायला खारी बिस्किटं आणि पाणी. एका डब्याची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, प्रत्येकाचे गुण त्याच्यापुरते. हे शेवटचं सगळ्यात अवघड. समोर सहा तुकडे असताना मनातल्या मनात क्रम लावण्यापासून स्वतःला रोखून बघा.

पण मिळतं काय ते ऐका. एका शनिवारी तुम्ही सहा टीमचं चिकन, सहांच्या रिब्स, सहांचं पोर्क आणि सहांची ब्रिस्केट खाता. त्यात दोन तरी अशा असतात की आपण गेली दोन वर्षं काय करत होतो असं वाटतं. आचारी म्हणून उतरलात तर दुसऱ्याच्या डब्यात काय होतं ते तुम्हाला कधीच कळत नाही, आपल्याला १६२ का पडले एवढंच डोकं खाजवत बसता. मी आधी दोन हंगाम आठशे-आठशे डॉलर जाळले आणि मग जजचा वर्ग केला. उलट करायला हवं होतं. पहिल्याच परीक्षणात कळलं, की आमच्या रिब्स हाडावरून गळत होत्या आणि आम्ही दर वेळी त्या आणखी अर्धा तास ठेवत होतो.

याला एक मोठी अडचण आहे आणि मराठी घरांत ती नेमकी आड येते. जजला चारही प्रकार चाखावेच लागतात. मी गोमांस खात नाही, मला फक्त चिकनच्या टेबलावर बसवा, असं चालत नाही. चारांपैकी दोन प्रकार डुकराचे आणि एक गोमांसाचा आहे. आपल्यातले बरेच जण कोंबडीपाशी थांबतात, काही मटणापाशी, आणि मटण तर या चारांत नाहीच. अशा माणसाने जज व्हायचा विचार सोडून द्यावा. आचारी होता येतं. ब्रिस्केट न चाखता, केवळ काटा ९५ अंशांवर आणून आणि सळई लोण्यात जावी तशी जाते का ते बघून शिजवणारे असू शकतात. पण मीठ किती झालं हे दुसऱ्याच्या जिभेवर सोडून आठशे डॉलर लावायचे म्हणजे जिगर पाहिजे. (माझ्यापुरतं म्हणाल तर मी चारही खातो. गावी आईला 'अमेरिकेत धुरावर स्वयंपाक शिकतोय' एवढंच माहीत आहे, आणि ती चुलीचे दिवस आठवून खूश आहे.)

हीच एक संघटना आहे असंही नाही. टेक्ससमध्ये राहणाऱ्याने आधी तिथली आयबीसीए (इंटरनॅशनल बार्बेक्यू कुकर्स असोसिएशन) बघावी: अर्धी कोंबडी, रिब्स, ब्रिस्केट, डब्यात हिरवा पाला नाही. मेम्फिसच्या बाजूची परंपरा डुकराची, अख्खं डुक्करसुद्धा, आणि तिथे जज तुमच्या मंडपात येऊन बसतात, तुम्ही बोलून त्यांना पटवायचं. गप्पिष्ट माणसासाठी उत्तम. स्टेक कुकऑफ असोसिएशन २०१३ सालची, तिथे मुख्य स्पर्धा रिबआय स्टेकची (बरगडीकडच्या गोमांसाचा जाड तुकडा), रात्र जागवायची नाही, एका दिवसात घरी. ज्या संघटनेच्या स्पर्धा तुमच्या घरापासून दोन तासांच्या आत होतात ती तुमची संघटना. बाकीच्यांचं वाचून सोडून द्यायचं.

सभासदांसाठी सोसायटीचं एक वार्तापत्र, नाव 'बुलशीट', शब्दावरचा विनोद जाणूनबुजून. काही ठिकाणी सवलती मिळतात, संचालकांच्या निवडणुकीत मत देता येतं. मत देणारे नियमांवरून जे भांडतात ते वाचताना मला आपल्याकडची कुठलीही हाउसिंग सोसायटी आठवते. पण एवढ्यासाठी कुणी सभासद होऊ नये.

मेहुण्याला मी वर्गणीच्या आधी दोन कामं सांगितली. पहिलं, ज्या मान्यताप्राप्त स्पर्धेत घरच्या हौशी लोकांसाठी वेगळा छोटा गट असतो, बहुतेक एक-दोनच प्रकारांचा, तिथे प्रेक्षक म्हणून शुक्रवारी रात्री जाऊन ये. शनिवारी दुपारी नको, तेव्हा सगळे घाईत आणि चिडलेले असतात. शुक्रवारी रात्री नऊनंतर धूर धरलेला असतो, खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणीही कुणालाही जवळ बसवून दोन तास शिकवतं, सभासद आहेस का विचारत नाही. दुसरं, घरी चारही प्रकार एकाच दिवशी करून बघ. बारा, साडेबारा, एक, दीड, घड्याळ लावून. प्रत्येकी सहा सारखे तुकडे.

पहिलं काम त्याने केलं. दुसऱ्याला तो साडेबाराच्या रिब्सना अडीच वाजता पोचला, आणि त्याच्या बायकोने तोपर्यंत पोरांना वरण-भात खाऊ घातला होता. वर्गणीचा विषय त्यानंतर निघाला नाही. माझी मात्र नूतनीकरणाची ईमेल आली की मी भरतो, कारण वर्षाला तीन-चार परीक्षणं होतात. टेबलावर उरलेलं मांस जजना घरी नेऊ देतात, त्यासाठी सगळे शीतपेटी घेऊन येतात. रविवारी सकाळी मेहुणा ती रिकामी करायला येतो. ब्रिस्केटला हात लावत नाही, चिकनचा प्रत्येक तुकडा मात्र खाऊन त्याला गुण देतो, आणि आजवर त्याने ७ च्या वर कुणालाच दिलेले नाहीत.